माळवदे बाई आणि निबर चरबी

गौरवग्रंथांबद्दल मला पहिल्यापासून संशय आहे. माणसाची पंचाहत्तरी आली की तो एकाएकी इतका सद्गुणी कसा होतो, हे कोडं मला कधी सुटलेलं नाही. त्यामुळे डॉ. हेमलता माळवदे यांच्या अमृतमहोत्सवाच्या समितीनं माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी आधी विचारलं, "बाईंना हे चालणार आहे का?" समितीचे लोक जरा चाचरत म्हणाले, "चालणार आहे, पण प्रत्येक लेख छापण्याआधी त्या स्वतः वाचणार आहेत." मला वाटलं, घ्या, स्तुती कमी पडू नये म्हणून तपासणी. पुढे कळलं की उलटाच प्रकार आहे. जिथे कुणी त्यांना थोर म्हटलंय, तिथे बाई समासात पेन्सिलीनं "कशावरून?" असं लिहितात आणि लेख परत पाठवतात. त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्यांचा लेख म्हणे परत येऊन येऊन निम्मा झाला. तेव्हा मी इथे फक्त स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहिणार आहे. जिथे मला नक्की माहीत नाही, तिथे तसं सांगेन.

बाईंची आणि माझी पहिली ओळख टेलिफोनवर झाली, आणि ती काही चांगली झाली नाही. मी मिरजेत स्वतःचं लहानसं रुग्णालय नुकतंच उघडलं होतं. पित्ताशय, हर्निया, अपेंडिक्स अशी पोटाची ऑपरेशनं करायचो. बाई वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त होऊन स्टेशनकडच्या रस्त्याला स्वतःची प्रयोगशाळा चालवत होत्या. आम्ही शरीरातून काढलेला तुकडा त्यांच्याकडे जायचा आणि तो कसला आहे, हे त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायच्या. एक दिवस त्यांचा फोन आला. "पित्ताशय काढताना पोटाच्या भिंतीतली थोडी चरबी तुम्ही टाकून देत असाल. ती मला द्याल का? हरभऱ्याएवढी पुरे."

मी विचारलं, "कशाला हवी?"

"बघायला."

"काय बघायला?"

"ते बघितल्यावर कळेल."

या उत्तरानं माझी झोपच उडाली. मिरजेत दवाखान्यांची एवढी दाटी की कुणी कुणाला सहज चांगला सल्लासुद्धा देत नाही, आणि ही बाई आपण होऊन कचरा मागते? मी मनाशी ठरवून टाकलं की यांना माझी पित्ताशयं तपासायची आहेत. विनाकारण काढतो की काय, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं असणार. म्हणून मी चरबी पाठवायच्या आधी स्वतःच त्यांच्याकडे गेलो. प्रयोगशाळा माडीवर होती. खाली तंबोरे करणाऱ्यांचं दुकान, बाहेर उन्हात भोपळे वाळत पडलेले. बाई एका उंच स्टुलावर बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी काय ओळखलं कुणास ठाऊक, पण पहिलंच वाक्य बोलल्या ते असं, "तुमची पित्ताशयं चांगली असतात हो. मला चरबीच हवी आहे."

मग त्यांनी मला दोन काचा दाखवल्या. पहिल्या काचेवरची चरबी भिजवून फुललेल्या साबुदाण्यासारखी दिसत होती. मऊ गोल पेशी एकमेकींना चिकटून, मधली भिंत अगदी पातळ. दुसऱ्या काचेवर त्याच पेशी होत्या, पण त्यांच्यामधून गुलाबी दोऱ्यांचे जाड पट्टे गेले होते. जखम भरल्यावर कातडीवर जसा वण उरतो, तसाच वण चरबीच्या आत. मी सर्जन. चरबी म्हणजे आम्हाला खालचा अवयव दिसू न देणारा पिवळा अडथळा. तिलाही वण पडत असतील, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

बाई म्हणाल्या, "ही निबर झालेली चरबी." आमच्याकडे जून झालेल्या, दोरा सुटलेल्या भेंडीला निबर म्हणतात, तोच शब्द. पाठ्यपुस्तकातला लांबलचक शब्द त्यांना तोंडपाठ होता, पण तो रोग्याच्या पुढ्यात टाकला की तो घाबरतो आणि घरी जाऊन विसरतो, असं त्यांचं म्हणणं. "निबर म्हटलं की कुणालाही कळतं," त्या म्हणाल्या. या वाक्यावर पुढे काय रामायण झालं ते सांगतोच, कारण हा सगळा लेख त्याच्यासाठीच आहे.

मी चरबी द्यायला लागलो. नियमाप्रमाणे वैद्यकीय नीतिसमितीची परवानगी वगैरे सगळं त्यांनी आधीच करून ठेवलं होतं, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. प्रत्येक रोग्याला विचारायला त्या स्वतः यायच्या. खाटेजवळ बसून सांगायच्या, "तुमच्या पोटातली हरभऱ्याएवढी चरबी मला अभ्यासाला द्याल का? नाही म्हणालात तरी ऑपरेशन तसंच होईल." वाळवा भागातले एक आजोबा म्हणाले, "हरभऱ्याएवढीनं काय हुतंय बाई? घमेलं आना, सगळीच न्ह्या." बाई हसल्या आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून नीट समजावून सांगितलं, मगच अंगठा घेतला. मला तेव्हा हा सगळा वेळेचा अपव्यय वाटायचा. टाकाऊ वस्तूची कुणी एवढी परवानगी घेतं का? आजही मी एवढी घेत नाही, हे लिहून टाकतो, म्हणजे समासात प्रश्न यायला नको.

मी संशयी माणूस आहे. पण माझा संशय दुसऱ्यांवर असतो, बाईंचा सगळ्यात आधी स्वतःवर. काचा बघताना त्या रोग्याच्या नावावर आणि साखरेच्या आकड्यावर कागद चिकटवून ठेवायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई, तुम्ही काय लबाडी करणार आहात का?" तर म्हणाल्या, "करणार नाही. पण माझे डोळे करतील. साखर जास्त आहे असं कळलं की त्यांना पट्टे जाड दिसायला लागतील." काचेचा निकाल लिहून झाल्यावरच कागद निघायचा. निकाल त्यांच्या अंदाजाविरुद्ध गेला की त्या दिवशी चहा बरा लागतो, असंही त्यांनी मला एकदा सांगितलंय. यावर माझा आजही पूर्ण विश्वास बसलेला नाही.

त्यांना नेमकं काय शोधायचं होतं, ते सोप्या शब्दांत सांगतो. जास्तीचं खाल्लेलं शरीर कातडीखाली साठवतं. ती जागा मऊ असेल तर पेशी फुगतात आणि माल तिथेच राहतो. पण फार ताण आला, सूज धरून राहिली, की पेशींच्या मधे वणाचे दोरे पडत जातात. मग जागा ताणली जात नाही आणि माल भलतीकडे जातो, यकृतात, स्नायूंत. तिथे चरबी भरली की शरीरातलं इन्शुलिन असून नसल्यासारखं होतं आणि रक्तातली साखर उतरेनाशी होते. ऐकायला किती सरळ. पण साताऱ्यात डॉक्टरांच्या एका बैठकीत हे सांगून झाल्यावर एका तरुण डॉक्टरांनी उत्साहानं विचारलं, "म्हणजे मॅडम, निबर चरबी हेच मधुमेहाचं मूळ, असंच ना?" बाई म्हणाल्या, "तसं मी म्हटलं का? आधी चरबी निबर होते आणि मग साखर बिघडते, की साखर बिघडल्यामुळे चरबी निबर होते, की दोन्हींच्या मागे तिसरंच काही आहे, ते मला माहीत नाही. माझ्याकडे निबर चरबीची, पण उत्तम साखरेची माणसंही आहेत. त्यांचं काय करू?" सभागृह हिरमुसलं. लोक उत्तर ऐकायला आले होते, आणि बाईंनी त्यांच्या हातात प्रश्न ठेवला.

त्याच बैठकीनंतर एक गृहस्थ कंदी पेढ्यांचा खोका आणि एका चूर्णाची बाटली घेऊन आले. चूर्ण म्हणे निबर चरबी मऊ करतं. बाईंनी फक्त नाव द्यायचं, बाकी सगळं ते बघणार. बाई म्हणाल्या, "पेढे ठेवून जा, त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. चूर्ण घेऊन जा."

आता हौसाबाईंची गोष्ट. कराडच्या अलीकडचं कृष्णाकाठचं गाव, घरचा ऊस, यजमान लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, सुभेदारच म्हणतात. हौसाबाईंचं पित्ताशय मी काढलं होतं आणि त्याच वेळी त्यांना मधुमेह असल्याचं सापडलं. अंगानं भरलेल्या, बोलायला कमी. गोळ्या सुरू केल्या, पथ्य सांगितलं, चालायला सांगितलं. पण दर खेपेला तपासणीत साखर तशीच आणि वजनही तसंच. सुभेदारांनी घरातली गुळाची ढेप, तूप, शेंगदाण्याचे लाडू, सगळं कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेच्या करगोट्याला बांधली. तरी साखर उतरेना.

"डाक्टरसायेब," ते मला म्हणाले, "म्या बर्फात पोस्ट राखलीया. घरातलं कपाट राखता येत न्हाई व्हय मला? तरीबी ही चोरून खाती. कुठनं खाती, कवा खाती, त्येवढंच कळंना."

हौसाबाई शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांच्यावर माझाही संशय होताच. इतकी वर्षं सर्जनकी केल्यावर रोगी पथ्याबद्दल खरं बोलतो, यावर माझा विश्वास उरलेला नाही. त्या दिवशी माळवदे बाई दुसऱ्या कुणाची संमती घ्यायला रुग्णालयात आल्या होत्या. त्यांच्या कानावर हे पडलं. हौसाबाईंची काच त्यांनी बघितलेली होती, कागदही निघालेला होता, आणि तिच्यावरचे पट्टे चांगलेच जाड होते. त्या आत आल्या आणि फार मायेनं म्हणाल्या, "सुभेदार, यांना बोलू नका. यांची चरबी निबर झालीय."

सुभेदारांचा चेहरा उजळला. ते बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? मी कवाधरनं ह्येच सांगतोय." हौसाबाईंनी मान खाली घातली आणि पदर पुढे ओढला. बाई समाधानानं निघून गेल्या. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. बायको निर्दोष आहे हे ऐकून एखाद्या नवऱ्याला इतका आनंद कशाला व्हावा?

उलगडा झाला तो बऱ्याच दिवसांनी. हौसाबाई तपासणीला यायच्या बंद झाल्या होत्या. एक दिवस त्यांचे धाकटे भाऊ, तासगावकडचे, तावातावानं माझ्या खोलीत शिरले. "कुठाय ती डाक्टरीण? आमच्या भनीला सगळ्यांम्होरं निबर म्हनाली ती. चरबी आलीया म्हनाली. सुभेदारानं साऱ्या भावकीत सांगितलंय, डाक्टरनीनं सुदिक मान्य केलं म्हनून."

मी कपाळाला हात लावला. ज्यांना आमच्याकडची बोली ठाऊक आहे, त्यांना हे सांगायला नको. गावाकडं चरबी आली म्हणजे माज आला, आणि निबर माणूस म्हणजे निगरगट्ट, कितीही बोला, लाज नसलेला. बाई मूळच्या वाईच्या, शहरात वाढलेल्या. त्यांचा निबर भाजीबाजारातला. त्यांनी हौसाबाईंना निर्दोष ठरवायला जे वाक्य उच्चारलं, त्याचाच गावात अर्थ झाला की हिला माज आलाय आणि ही कोडगी झालीय. सुभेदारांनी अट घातली होती, चोरून खाल्ल्याचं कबूल कर आणि मग घरात राहा. हौसाबाई म्हणाल्या, जे केलं नाही ते कबूल करणार नाही, आणि भावाकडे निघून गेल्या. तिथे त्यांनी गोळ्याही सोडल्या. "चोरच ठरलीया, तर औशीद कशाला खायाचं," असं म्हणत होत्या म्हणे. टाचेला भेग पडली होती आणि ती आता चिघळली होती. मधुमेही माणसाची टाच चिघळली तर गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते, हे मला माहीत होतं, आणि भावालाही थोडंफार कळत होतं. म्हणूनच तो इतका चिडला होता.

मी बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची गाडी आहे का मोकळी?"

मी म्हटलं, "बाई, आपण कशाला जायचं? त्यांनाच बोलावून घेऊ."

"शब्द त्यांच्या घरात पोचलाय. दुरुस्ती मिरजेत करून काय उपयोग?"

भावाला सांगितलं, बहिणीला घेऊन थेट सुभेदारांच्या घरी या. आम्ही निघालो. उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टरांमागे ट्रॅक्टर, आणि बाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला जुना सूक्ष्मदर्शक. आरशावर उजेड घेऊन चालणारा, विजेची गरज नसलेला. वाटेत मी त्यांना व्यवहाराची गोष्ट सांगितली. "सरळ म्हणून टाका, तपासणीत सिद्ध झालंय, या चोरून खात नाहीत. मिटलं प्रकरण."

"तपासणीत तसं सिद्ध होतं?"

"होत नाही. पण सुभेदारांना काय कळणार आहे?"

बाईंनी पुढच्या ट्रॅक्टरकडे बघत विचार केला. "मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? न बघता तेही सांगतात, न बघता मीही सांगायचं." मला ते पटलं नाही. एका बाईचं घर आणि पाय वाचत असेल, तर एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत आहे, असंच मला वाटत होतं.

सुभेदारांच्या घराच्या पुढच्या सोप्यात सगळी भावकी जमलेली होती. हौसाबाई आतल्या दाराच्या चौकटीशी बसल्या होत्या, पायाला फडकं गुंडाळलेलं, शेजारी भाऊ. बाईंनी पाणी घेतलं आणि उभ्या राहूनच बोलल्या. "माझ्या तोंडून चुकीच्या ठिकाणी चुकीचा शब्द गेला. त्याबद्दल मी हौसाबाईंची सगळ्यांसमोर माफी मागते. निबर मी यांना म्हटलं नाही, यांच्या कातडीखालच्या चरबीला म्हटलं. भेंडी निबर होते ना, तशी. त्यात भेंडीचा काय गुन्हा?"

बायका हसल्या. सुभेदार हसले नाहीत. बाईंनी सूक्ष्मदर्शक अंगणातल्या उजेडाकडे तोंड करून ओट्यावर मांडला, हौसाबाईंची काच त्याखाली लावली आणि म्हणाल्या, "सुभेदार, तुम्ही बघा." सुभेदारांनी एक डोळा मिटला, बंदुकीचा नेम धरावा तसे वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"साबुदाना दिसतोय."

"ती चरबी. मधे काय आहे?"

"दोरखंड हायेत. लय जाड हायेत."

"ते निबर. धान्याचं पोतं ताणलं नाही तर जास्तीचं धान्य खाली सांडतं. तसं यांच्या अंगात होत असावं. मग खाणं कमी केलं तरी साखर हट्ट धरून बसते आणि वजनही चटकन उतरत नाही."

सुभेदार सरळ झाले. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "समजलं. म्हंजे ही चोरून खात न्हाई. त्येवढं येक वाक्य सगळ्यांम्होरं सांगा बाई. मी ऐकतो. आज, आत्ता घरात घितो."

मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, बोला की. हौसाबाई पहिल्यांदाच मान वर करून बघत होत्या.

बाई म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही."

हौसाबाईंचा भाऊ उठून उभा राहिला. मनात म्हटलं, झालं, आता बसा बोंबलत.

"या काचेवर ते दिसत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "चरबी निबर असलेली माणसं चोरून खातही असतील, खात नसतीलही. काचेला ते कळत नाही आणि म्हणून मलाही कळत नाही. आता मी विचारते. सुभेदार, यांना खाताना तुम्ही पाहिलंत?"

"न्हाई."

"इथल्या कुणी पाहिलं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एका म्हातारीनं नाही अशी मान हलवली.

"कपाटातलं काही कमी झालं?"

"किल्ली माझ्यापाशी हाय."

"कमी झालं का, ते विचारतेय मी."

"न्हाई."

"मग कशावरून म्हणत होतात?"

"साकर उतरंना, म्हनून."

"तेवढंच कारण होतं ना? ते आज गेलं. चोरून काही न खाताही साखर चढलेली राहू शकते, हे मी शपथेवर सांगते, कारण तेवढं मला माहीत आहे. आता यांना चोर म्हणायचं असेल तर दुसरा पुरावा आणा. नसेल तर म्हणू नका."

सुभेदार लष्करातला माणूस. त्यांना पुरावा हा शब्द बरोबर जागी लागला. ते ताठ उभे राहिले आणि साहेबापुढे माहिती द्यावी तशा आवाजात म्हणाले, "पुरावा न्हाई." मग करगोट्याची किल्ली सोडून त्यांनी हौसाबाईंपुढे धरली.

हौसाबाईंनी ती घेतली नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याच कंबरंला. मला काय करायचीया?" आणि मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "बाई, मला आजपातुर कुनी इचारलंच न्हाई. ज्यो त्यो सांगतच आला."

बाईंनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि सोप्याचं दार लावून घेतलं. आत त्या दोघी बोलत राहिल्या. अंगणात सुभेदार आणि मी, दोन संशयी माणसं, त्या दाराकडे बघत उभे. "काय बोलत असत्याल वं?" ते मला हळूच म्हणाले. मी म्हटलं, "मला काय माहीत?" पण दाराला कान लावावा असं मलाही वाटत होतं, हे नाकारत नाही. दार उघडलं तेव्हा हौसाबाईंचे डोळे रडून लाल झाले होते आणि चेहरा मोकळा होता. बाई म्हणाल्या, "टाचेची जखम आजच मिरजेला न्यायला हवी. चला."

पाय वाचला. गोळ्यांबरोबर इन्शुलिनही सुरू केलं. साखर हळूहळू आटोक्यात आली, वजन मात्र फारसं हललं नाही. बऱ्या झाल्यावर हौसाबाई आपण होऊन घरी गेल्या, आणि कुणी काही कबूल करायला लावलं नाही. हे सगळं बाईंच्या शोधामुळे झालं असं मी लिहिणार नाही. एक तर त्या खोडतील, आणि दुसरं म्हणजे ते खरंही नाही. समितीनं निमंत्रणपत्रिकेत "निबर चरबीच्या संशोधिका" असं छापायला घेतलं होतं, त्याच्यापुढेही पेन्सिल फिरली. "निबर चरबीकडे बघणाऱ्या" असं करा, म्हणाल्या. पत्रिकेत आता तसंच छापलंय, आणि लोकांना तो छपाईचा दोष वाटतोय.

पण माझं एक राहिलंच आहे. हौसाबाईंना रुग्णालयात सोडून बाईंना घरी पोचवताना मी विचारलं होतं, "आत काय म्हणाल्या त्या? खात होत्या का?"

बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळून उपचारात काय बदलणार आहे?"

"काही नाही."

"मग?"

त्यानंतर मी किती वेळा विचारलंय, याची गणती नाही. लग्नकार्यात विचारलं, प्रवासात विचारलं, त्या तापानं पडल्या होत्या तेव्हाही विचारलं. तापात माणूस बोलून जातो, असा माझा हिशेब. त्या औषध घेऊन कूस बदलून झोपल्या. कधी वाटतं, खात नसणारच. खात नव्हत्या तर बाई सांगून मोकळ्या का होत नाहीत? मग वाटतं, खात असणार. खात असत्या तर त्या दिवशी हौसाबाईंचा चेहरा असा मोकळा कसा झाला असता? मी दोन्ही बाजूंनी फिरून पुन्हा तिथेच येतो. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, निदान खात नव्हत्या एवढं तरी सांगा." बाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्या शब्दावर माझा शिक्का हवा तुम्हाला? त्यांना चोर म्हणू नये यासाठी त्या निर्दोष आहेत हे मी कशाला सिद्ध करायचं?" हे लिहिताना मला त्यांच्या न सांगण्याचा राग येत नाही, बाईंबद्दल माया वाटते.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. डोळे अजून शाबूत आहेत, गुडघे कुरकुरतात, आणि माडी चढून काचा बघणं चालू आहे. परमेश्वरानं त्यांना निरोगी, उदंड आयुष्य द्यावं, हे मागणं कुणाही गौरवलेखकाप्रमाणे मीही मागतो. फक्त त्यात माझा स्वार्थ आहे, आणि तो लपवत नाही. बाई, शंभर वर्षं जगा. मी भेटेन तिथे विचारत राहणार आहे. तुम्ही सांगू नका.